शरीराची वीण : सैल आणि घट्ट

'ऊती' हा शब्द आपण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचतो आणि परीक्षा संपली की विसरतो. मीही विसरलो होतो. मी कलाशाखेचा पदवीधर, त्यात कविता लिहिणारा. शरीरशास्त्राशी माझा संबंध दवाखान्यापुरताच. पण शब्दांचा नाद लागलेल्या माणसाला एखादा शब्द मध्येच हटकतो, तसा काही वर्षांपूर्वी या शब्दाने मला हटकलं. संस्कृतात 'वे' हा धातू आहे, अर्थ विणणे. त्यावरून ऊति म्हणजे विणकाम. वेदांत आणखी एक 'ऊति' येतो. तो 'अव्' या वेगळ्या धातूवरून आलेला, आणि त्याचा अर्थ मदत, आधार, रक्षण. दोन धातू, दोन अर्थ, शब्द मात्र एकच. मराठीत हा शब्द शास्त्रासाठी ज्याने कुणी निवडला त्याच्या मनात पहिला अर्थ असणार, पण दुसराही तितकाच चपखल बसला.

गंमत म्हणजे फ्रेंच लोकांनीही हेच केलं. त्यांचा 'तिस्यू' म्हणजे विणलेलं कापड. अरबीत ऊतीला 'नसीज' म्हणतात, आणि नसीज म्हणजेही विणलेलं वस्त्र. ग्रीकांकडून आलेला 'स्ट्रोमा' हा शब्द डॉक्टर मंडळी आजही वापरतात. अवयवात ज्या आधारावर काम करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्या आधाराला ते स्ट्रोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंथरूण, गादी. इतक्या दूरदूरच्या भाषांना शरीरात डोकावल्यावर कापड आणि अंथरूण दिसावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

हे कापड म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगून टाकतो. आपलं यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, हृदय ही सगळी कामकरी पेशींची वस्ती आहे. पित्त तयार करायचं, रक्त गाळायचं, आकुंचन पावायचं ही ज्याची त्याची कामं. पण या पेशी नुसत्या एकत्र ठेवल्या तर त्यांचा अवयव होत नाही, चिखलासारखा गोळा होईल. त्यांना आकार देते, रक्तवाहिन्यांना वाट देते, ताण सोसते ती त्यांच्यामधली आणि खालची तंतूंची वीण. तिला संयोजी ऊती म्हणतात. तिच्यात तंतुपेशी असतात, त्या धागे बनवतात. सर्वांत महत्त्वाचा धागा कोलॅजेन या प्रथिनाचा. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा असतो. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला पाहायला येणारे लोक तटाचे दगड पाहतात, बुरूज मोजतात. १६६४ साली काम सुरू झालं तेव्हा पायात शिसं ओतलं होतं म्हणतात, ते कुणाला दिसत नाही. शरीरातही असंच आहे. २००८ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराचं हृदय साबणासारख्या द्रावणाने धुऊन त्यातल्या सगळ्या पेशी काढून टाकल्या. उरला तो पांढुरका, आरपार दिसणारा सांगाडा. त्याला हृदयाचाच आकार, कप्पे शाबूत, झडपाही जागच्या जागी. त्यात नव्या पेशी सोडल्या तेव्हा काही दिवसांनी तो क्षीणपणे धडधडायला लागला.

ही वीण माणसाला कळली कशी, याचा इतिहास सरळ नाही. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी आपल्या 'अल्‌ कानून' या वैद्यकग्रंथात अवयवांचे दोन वर्ग केले. हाड, कूर्चा, अस्थिबंध, पडदे हे साधे, म्हणजे कुठेही तोडला तरी तुकडा सारखाच दिसणारे. आणि हात, चेहरा हे मिश्र. युनानी हकीम ही विभागणी आजही शिकतात. पण 'ऊती' ही कल्पना खऱ्या अर्थाने मांडली ती पॅरिसच्या झाव्हिए बिशा या तरुण शरीरशास्त्रज्ञाने, १८०० च्या आसपास. त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. त्या काळच्या भिंगांतून दिसणारं चित्र पाहणाऱ्याच्या मनासारखं बदलतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो शवांचे भाग उकळायचा, वाळवायचा, पाण्यात कुजवायचा, आम्लात बुडवायचा आणि काय उरतं, काय विरघळतं ते बघायचा. असं करून त्याने २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या काढल्या. रोग हा अख्ख्या अवयवाला होत नाही, त्यातल्या एखाद्या ऊतीला होतो, हे त्याचं सांगणं. १८०२ मध्ये तो वारला तेव्हा अवघा ३० वर्षांचा होता.

पण वीण म्हणजे काय, हे कळायच्या कितीतरी आधी ती उसवताना माणसांनी पाहिली होती. आणि ते पाहणारे आपल्याच किनाऱ्यावरून निघाले होते.

५ ऑक्टोबर १४९८ या दिवशी वास्को द गामाची जहाजं कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून आफ्रिकेकडे परत निघाली. येताना मलिंदीहून कालिकतला पोचायला त्यांना महिनाही लागला नव्हता, कारण नैर्ऋत्येचं वारं पाठीशी होतं आणि वाट जाणणारा वाटाड्या सोबत होता. परतीची वेळ त्यांनी चुकवली. ईशान्येचं वारं अजून धरलं नव्हतं. आमच्याकडचा कुठलाही जुना तांडेल सांगेल की या दिवसांत आफ्रिकेची वाट धरणं म्हणजे वाऱ्याची भीक मागत फिरणं. कधी वारा पडायचा, कधी उलटा वाहायचा. हे अंतर कापायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. त्या सफरीची जी रोजनिशी उरली आहे तिच्यात नोंद आहे, की खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, त्यांना खाता येईना, पाय सुजले, सूज अंगभर पसरली. या एका वाटेत ३० माणसं गेली, तितकीच आधी गेली होती. प्रत्येक जहाजावर धड उभे राहून काम करणारे सातआठ जण उरले. जानेवारी १४९९ मध्ये मलिंदीला पोचल्यावर त्यांनी आजाऱ्यांसाठी आधी संत्री मागवली. माणसं कमी पडली म्हणून 'साव राफाएल' हे जहाज त्यांनी स्वतःच्या हातांनी जाळून टाकलं.

हा रोग म्हणजे स्कर्व्ही. 'क' जीवनसत्त्व शरीरात जाणं बंद झालं की दोन-तीन महिन्यांत तो डोकं वर काढतो. बंदरं घेत घेत किनाऱ्याने जाणाऱ्या आमच्या गलबतांना लिंबू, नारळ, भाजीपाला मध्येच भरता यायचा, त्यामुळे या रोगाची दहशत आपल्याकडच्या दर्यावर्दी बोलण्यात फारशी आढळत नाही. युरोपच्या खलाशांचा मात्र त्याने तीनशे वर्षं पाठलाग केला. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, त्यातला एक जण सहा दिवसांत कामावर रुजू व्हायच्या लायकीचा झाला. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस शिध्यात घालायला १७९५ साल उजाडलं. सरकारी फाईल तेव्हाही आपल्याच चालीने चालत होती.

स्कर्व्हीची एक हकीगत माझ्या मनातून जात नाही. १७४१ मध्ये जॉर्ज अॅन्सनचा ब्रिटिश आरमारी ताफा केप हॉर्नला वळसा घालत होता. जहाजावर एक म्हातारा शिपाई होता. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत, तो जखमी झाला होता. जखमा केव्हाच भरल्या होत्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. त्याचं मोडून सांधलेलं हाडही पुन्हा सुटं झालं. अॅन्सनच्या सफरीचा जो वृत्तांत १७४८ मध्ये छापला गेला, त्यात हे सगळं आहे. वाचताना प्रथम अतिशयोक्ती वाटते. पण १९३९ मध्ये बॉस्टनच्या जॉन क्रॅन्डन या तरुण सर्जनने स्वतःवरच प्रयोग केला. सहा महिने त्याने 'क' जीवनसत्त्व नसलेलंच अन्न खाल्लं. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली भरली नाही. जीवनसत्त्व टोचल्यावर तीही भरली. म्हणजे आपल्या अंगावरचा जुना व्रण ही संपलेली गोष्ट नसते. तिथली वीण शरीर रोज थोडी उसवत आणि थोडी विणत असतं. विणणं थांबलं की उसवणं तेवढं उरतं. रापणीचं जाळं सांधणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

'क' जीवनसत्त्व तिथे करतं काय? याचं उत्तर मिळायला आधी धागा कसा असतो ते कळायला हवं होतं, आणि ते कळलं मद्रासला. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल १९५२ मध्ये मद्रासला आले असताना त्यांनी बोलता बोलता सांगितलं, की कोलॅजेनची रचना अजून कुणालाच नीट उलगडलेली नाही. विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. चामडं म्हणजे बहुतांशी कोलॅजेनच. तिथून मदत मिळाली, आणि पुढे ऑस्ट्रेलियातून कांगारूच्या शेपटीतले कंडरेचे तंतू आले. त्यांच्यावर क्ष-किरण टाकून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्ता यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आपली रचना मांडली आणि पुढच्या वर्षी ती सुधारली. कोलॅजेन हा तीन पदरांचा पीळ आहे. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, सुंभाच्या दोरीसारख्या. काथ्या वळताना पाहिलेल्या माणसाला यापेक्षा सोपं चित्र सापडणार नाही. या पिळाला शरीराच्या उबेत टिकायचं तर साखळ्यांवर काही ठिकाणी एक छोटासा रासायनिक बदल व्हावा लागतो, आणि तो करणाऱ्या विकराला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दोरी वळली जाते, पण पीळ धरत नाही. वास्कोच्या खलाशांच्या हिरड्यांत हेच झालं होतं.

आता दुसरी बाजू. तिच्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला.

वीण सैल पडली तर काय होतं ते युरोपच्या खलाशांनी दाखवलं. वीण गरजेपेक्षा घट्ट झाली तर काय होतं, ते पाहायला मला आमच्या वाडीबाहेर जावं लागलं नाही. नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ होते, नाव सांगत नाही. उमदा माणूस, कव्वालीचा शौकीन, हसला की वाडी हसायची. पन्नाशीनंतर त्यांचं हसणं आक्रसत गेलं. आधी तिखट लागेना, तोंडाची आग व्हायची. मग घास बारीक झाला. एका लग्नात बिर्याणीचं ताट समोर ठेवून ते नुसते बसले होते. आजीने विचारलं तर म्हणाले, "माका भूक लागता, पण तोंडच उघडणा नाय." शेवटी ते पेजेवर आले. डॉक्टरांनी त्यांना तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवायला सांगितली. ही तपासणीची साधी रीत आहे. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात. त्यांचं एक बोट जेमतेम गेलं. गालाच्या आतून डॉक्टरांनी हात फिरवला आणि म्हणाले, आत दोऱ्या झाल्यात.

या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली जी मऊ वीण असते, ती जाड आणि ताठ होत जाते. अस्तर पांढुरकं, संगमरवरी दिसायला लागतं. गाल, टाळू, घशाचे खांब, जीभ सगळं आखडतं. वैद्यकाच्या आधुनिक इतिहासात त्याची पहिली नोंद १९५२ मधली. श्वार्ट्‌झ नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दंतवैद्यक परिषदेत पाच स्त्रियांची माहिती सादर केली. पाचही जणी केनियातल्या, आणि पाचही मूळच्या भारतीय. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच रोग स्वतंत्रपणे वर्णन केला आणि आज रूढ असलेलं नाव दिलं. १९५६ मध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉ. पेमास्टर यांनी यातल्या काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो, हे नोंदलं. तोवर कारण कुणालाच माहीत नव्हतं.

कारणाचा शोध परळला सुरू झाला. तिथल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानोलकर म्हटलं की आपल्याला आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात, आणि आडनावातलं खानोली हे गाव आमच्या वेंगुर्ला तालुक्यातलं. डॉक्टर खानोलकर जन्मले दूर क्वेट्ट्याला, १८९५ मध्ये, शिकले लंडनला. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्यांची नजर रोगाइतकीच चालीरीतींवरही असे. धोतराची किंवा साडीची गाठ वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी घट्ट बसते आणि तिथल्या कातडीला कर्करोग होऊ शकतो, हे त्यांनी १९४५ मध्ये लिहिलं होतं. आपण काय नेसतो, काय चघळतो यातून रोगाचा माग काढणारा हा माणूस होता. त्यांच्या हाताखाली कराचीत जन्मलेल्या, अड्यारला शाळा शिकलेल्या सत्यवती शिरसाट काम करत होत्या. लंडनला जाऊन त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं तंत्र शिकून आल्या आणि परळला त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली. जीववैद्यकासाठी अशी सोय देशात तेव्हा जवळपास नव्हतीच.

त्यांचा पहिला संशय होता मिरचीवर. भारतीय माणूस तिखट खातो, तिखटाने तोंड भाजतं, तेव्हा हे तर्काला धरूनच होतं. १९६० मध्ये शिरसाट आणि खानोलकर यांनी मिरचीतलं तिखट द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून पाहिल्याचा निबंध प्रसिद्ध केला. आहारात आधी कमतरता ठेवलेल्या त्या उंदरांच्या टाळूत त्यांना तसे बदल दिसले. त्यामुळे बरीच वर्षं मालवणी मसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता म्हणायला हरकत नाही. पुढे मात्र आरोप टिकला नाही. मेक्सिकोसारख्या देशांत लोक पोटभर मिरची खातात, तिथे हा रोग दिसत नाही. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये, तैवानमध्ये, चीनच्या हूनानमध्ये तो दिसतो. या सगळ्यांत समान काय, तर सुपारी. तैवान आणि हूनानमधले लोक तर तिच्यात तंबाखू घालतही नाहीत. १९६६ मध्ये कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग आणि सत्यवती शिरसाट यांनी मिळून या रोगाची व्याख्या बांधली. तीच आजही पाठ्यपुस्तकांत असते. आतल्या विणीत आधी दाह, मग तंतूंची वाढ, वरच्या अस्तराची झीज, आणि शेवटी ताठरपणा, असा तिचा सारांश.

सुपारी हे कसं करते, ते १९८० च्या दशकापासून प्रयोगशाळांत उलगडत गेलं. तिच्यातलं अॅरेकोलिन हे द्रव्य तंतुपेशींना जास्त धागा बनवायला लावतं. तिच्यातलं तांबं धाग्यांच्या आडव्या गाठी पक्क्या करणाऱ्या विकराचं काम वाढवतं. आणि तिच्यातला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, तयार धाग्यावर असा बसतो की जुना धागा उसवणाऱ्या विकराला तो तोडता येत नाही. हे तिसरं वाचलं तेव्हा मी थबकलो. झाडाच्या सालींतलं टॅनिन वापरूनच तर चामडं कमावतात! ऐनाची साल त्यासाठीच वापरतात. सुती जाळी टिकावीत म्हणून पूर्वी ती सालीच्या काढ्यात उकळत, तेही याच तुरटपणासाठी. विड्यातला कात खैराचा, तोही त्याच जातीचा. मद्रासला चामड्याच्या संस्थेच्या शेजारी ज्या धाग्याचा पीळ उलगडला, तोच धागा माणसं आपल्या गालात स्वतः कमावत बसली होती.

हे सगळं कळूनही सुपारी बराच काळ सुटत गेली. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच्या विड्याला कर्करोगकारक ठरवलं, पण बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा अपुरा आहे असं म्हटलं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हा निर्वाळा यायला २००३-०४ साल उजाडलं. त्याआधी आपल्याच लोकांनी फार कष्टाचं काम करून ठेवलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातले फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकारी खेडोपाडी फिरून लोकांची तोंडं तपासत होते. एकट्या महाराष्ट्रात त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तपासणी केली. तो निबंध १९७२ चा. केरळातल्या एर्नाकुलमच्या रुग्णांचा त्यांनी सतरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा सबम्युकस फायब्रोसिस असलेल्यांपैकी ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. लाखभर माणसांना ओटीवर बसवून तोंड उघडायला सांगणं, ही गोष्ट मला कुठल्याही यंत्राच्या शोधापेक्षा कमी वाटत नाही.

तोवर घराघरात पानाचा डबा आणि अडकित्ता होता. सुपारी कातरायला वेळ लागायचा, पान असायचं, गप्पा असायच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुडी आली. वाळवलेली, बारीक केलेली सुपारी, कात, चुना, सुगंध. आणि गुटखा असेल तर तंबाखू. पान गेलं, उरली कोरडी सुपारी, खिशात मावणारी, शाळकरी पोराला परवडणारी. जो रोग पिकत जायला पूर्वी बराच काळ लागायचा, तो काही वर्षांतच दिसायला लागला. १९९८ मध्ये गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या भावनगरची पाहणी मांडून नव्या साथीचा इशारा दिला, तेव्हा रुग्ण बहुतांशी तरुण होते. केनियातल्या त्या पाच स्त्रियांपासून इथवर पन्नास वर्षंही झाली नव्हती.

महाराष्ट्र सरकारने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तसा अधिकार नाही म्हणून ती रद्द केली. नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. कायद्याने असा आदेश एका वेळी वर्षभराचाच काढता येतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. पुडी मिळायची थांबलेली नाही, हे रस्त्याकडेला चकाकणारे रिकामे कागद सांगतात. साधी सुपारी मात्र कुठल्याच बंदीत नाही. तशी ती यावी असं म्हणायला माझीही जीभ धजावत नाही. आपल्याकडे लग्न ठरलं की सुपारी फुटते, आमंत्रणाला सुपारी, पूजेत गणपतीच्या जागी सुपारी. आमच्या मुसलमान घरांतही पाहुण्यापुढे पानाचं तबक आलं नाही तर पाहुणचार अपुरा. मुंबईच्या गुन्हेगारांनी हा शब्द माणूस मारण्याच्या करारासाठी उचलला. त्यांचा शब्दांचा कान चांगला होता म्हणायचं.

ताठ झालेली वीण पुन्हा पहिल्यासारखी मऊ होत नाही. सवय सोडली तर पुढचं आखडणं थांबू शकतं, व्यायामाने आणि इंजेक्शनांनी तोंड थोडं उघडतं, फारच झालं तर शस्त्रक्रिया करतात. आमच्या त्या नातलगांनी डॉक्टरांचं ऐकून सुपारी सोडली. रोज सकाळी ते दातांत लाकडी चमचे सरकवून तोंड ताणत बसायचे. वर्षाअखेरीला दुसरं बोट आत गेलं, तेव्हा त्यांनी वाडीभर सांगितलं. बिर्याणी त्यांना चमच्याने खाता आली. त्यांच्या तोंडाची तपासणी मात्र दर सहा महिन्यांनी शेवटपर्यंत चालू होती.

आमची घरची पोफळीची बाग आहे, फार मोठी नाही. माझं कॉलेज त्या सुपारीच्या पैशावर झालं, बहिणींची लग्नंही. आता ती चुलतभाऊ बघतो. मागच्या हंगामात मी हे सगळं त्याला सांगायला बसलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पोफळी तोडूक व्हयी?" मी काही बोललो नाही. तो मला बागेत घेऊन गेला. जवळजवळ प्रत्येक पोफळीवर त्याने मिरीचा वेल चढवला होता, मधल्या जागेत जायफळाची रोपं होती. मिरीला दोन वर्षं झाली, म्हणाला, जायफळाला अजून पाच-सहा लागतील. सुपारीचा व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता आणि खळ्यात सुपारी वाळत पडली होती.